काडतूस घट्ट बसतंय? दोष नळीत आहे की काडतुसात, हे कसं ओळखायचं

भात निसवलं की राखणीसाठी बंदूक बाहेर निघते. मे महिन्यात अलगद सरकणारं काडतूस आता चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसायच्या भागात) अर्ध्यावर अडतं, नाहीतर शेवटचे दोन मिलिमीटर बाहेर राहतं. दोडामार्गपासून दापोलीपर्यंत ज्यांच्या घरी शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची १२ बोअरची बंदूक आहे, त्यांना हा अनुभव नवा नाही. अशा वेळी बहुतेक जण अंगठ्याने दाबतात, तेवढ्याने भागलं नाही तर नळी जोराने मिटतात. नेमकं हेच करायचं नाही.

कारण असं. काडतुसाची कड (बुडाची बाहेर आलेली किनार) बाहेर राहिली असेल तर नळी मिटताना बंदुकीचा मागचा सपाट चेहरा थेट टोपीवर, म्हणजे बुडातल्या पेट घेणाऱ्या भागावर, येऊन आदळतो. त्यातच फायरिंग पिन (टोपीवर आपटणारी सुई) गंजून पुढे अडकलेली असेल, आणि पावसाळ्यानंतर ती अडकलेली असू शकते, तर नळी पूर्ण बंद होण्याआधीच बार उडतो. तो मागे, तुमच्या हातावर आणि तोंडावर येतो. बिनघोड्याच्या दुनळीत सेफ्टीचा खटका मागे आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका. बहुतेक बंदुकांत तो फक्त चाप अडवतो, पिन अडवत नाही.

पुढचं सगळं परवानाधारकांसाठी आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ प्रमाणे बंदूक आणि काडतूस बाळगायला परवाना लागतो. कलम ५ प्रमाणे शस्त्र बनवायला, बदलायला आणि दुरुस्त करायलाही वेगळा परवाना लागतो. त्यामुळे चेंबर पुसणं, घासणं, मोजणं हे तुमचं काम आहे. चेंबर कोरून मोठं करणं हे नाक्यावरच्या लेथवाल्याचं काम नाही, कितीही ओळखीचा असला तरी. आणि शेतसंरक्षणाचा परवाना हातात आहे म्हणजे रानडुकरावर बार काढायची मुभा मिळाली असं होत नाही. त्यासाठी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वन खात्याची परवानगी वेगळी लागते.

पहिली चाचणी: नळी सुटी करून

मोडणीच्या, म्हणजे मधून मोडून उघडणाऱ्या बंदुकीत, एकनळी असो वा दुनळी, एक मोठी सोय आहे. पुढचा लाकडी भाग काढला की नळी सुटी होते. सुट्या नळीला पिन नाही, चाप नाही, त्यामुळे त्यात काडतूस घालून पाहणं हा तपासायचा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. दस्त्याचा भाग दुसऱ्या खोलीत ठेवा. पोरांना आणि कुत्र्या-मांजरांना बाहेर काढा.

नळी आधी उजेडाकडे धरून आरपार पाहा. कुंभारमाशीने आत मातीचं घर केलेलं असू शकतं, तोंडाला लावलेली चिंधी तशीच राहिलेली असू शकते. नळी मोकळी आहे अशी खात्री झाल्यावर चेंबर वर करून ती उभी धरा आणि काडतूस वरून सोडा, ढकलू नका. चांगलं काडतूस स्वतःच्या वजनाने जातं, ‘टक्’ असा आवाज येतो, आणि त्याची कड नळीच्या मागच्या पातळीला सपाट बसते. नळी उलटी केली की ते तसंच बाहेर पडतं. या तीनपैकी एक गोष्ट जरी झाली नाही, तरी दोष आहे असं समजा.

आता दोष कुणाचा ते पाहू. पाच काडतुसं घ्या: तीन घरातली जुनी, दोन विक्रेत्याकडून आणलेली ताजी. दुनळी असेल तर प्रत्येक काडतूस दोन्ही चेंबरमध्ये घालून पाहा आणि कागदावर लिहून ठेवा. ताजी दोन्ही बसतात आणि जुनी अडतात, तर काडतूस फुगलंय. सगळी एकाच नळीत अडतात आणि दुसरीत बसतात, तर ती नळी मळली किंवा गंजली आहे. जुनी-नवी सगळी दोन्हीकडे अडत असतील तर आधी चेंबर साफ करा आणि मग पुन्हा तपासा. चाचणीला झाडलेलं रिकामं काडतूस घेऊ नका. त्याचं तोंड उघडलेलं असतं आणि अंग चेंबरच्या मापाला फुगलेलं असतं, त्यामुळे ते नेहमीच खोटी साक्ष देतं.

नक्की कुठे अडतंय हे बघायला काडतुसाच्या अंगाला काळ्या मार्करने उभ्या चार रेघा ओढा, आत सोडा, बाहेर काढा. जिथे रेघ खरवडली तिथे घासलंय. पूर्वी लोक यासाठी दिव्याची काजळी धरायचे. भरलेलं काडतूस ज्योतीजवळ न्यायचं नाही, मार्कर दहा-वीस रुपयांना मिळतो.

कुठे अडतंय, त्यावरून काय समजायचं

काडतूस निम्मं-अर्धं जाऊन थांबलं आणि रेघ तोंडाकडे खरवडली असेल, तर नळकांडं (काडतुसाचं कागदी किंवा प्लास्टिकचं अंग) फुगलंय किंवा तोंड बंद करणारी पुढची घडी उघडलीय. १२ बोअरचं चेंबर मागे सुमारे २०.६ आणि पुढच्या टोकाला सुमारे २०.३ मिलिमीटर असतं, म्हणजे ते पुढे किंचित निमुळतं होत जातं. काडतूस आणि चेंबर यांच्यात केसाच्या जाडीएवढी फट असते. कागदी नळकांड्याने जुलैतली हवा थोडी प्यायली तरी ती फट संपते. प्लास्टिकचं नळकांडं पाणी पीत नाही, पण त्याची तोंडाची घडी कालांतराने सैल पडते. शिवाय पट्ट्यात खोचून ठेवलेलं काडतूस दाबून अंडाकृती होतं. व्हर्निअरने एकदा उभं, एकदा आडवं मोजा. दोन मापांत ०.२ मिलिमीटरहून जास्त फरक दिसला तर ते काडतूस बाजूला काढा.

काडतूस जवळजवळ सगळं गेलं, शेवटचा सेंटीमीटर राहिला, आणि रेघ धातूच्या बुडावर खरवडली, तर बूड तपासा. बूड पिवळं दिसतं म्हणून ते पितळेचंच असेल असं नाही. पुष्कळ काडतुसांचं बूड लोखंडी असतं, वर पितळेचा मुलामा. मुलाम्याला चरा गेला की आतून गंज फुगतो आणि बोटाला खडबडीत लागतो. पितळी बुडावर हिरवा थर दिसेल. आंबट ताक पितळी भांड्यात कळकतं, तशातलाच हा प्रकार. चामडी पट्टा हे त्याचं नेहमीचं कारण. चामडं कमावताना वापरलेली आम्लं आणि दमट हवा मिळून पितळेवर हिरवा चिकट थर चढवतात. पट्टा फक्त बाहेर पडताना वापरायचा, काडतुसं त्यात मुक्कामाला ठेवायची नाहीत.

आणि शेवटचा प्रकार: काडतूस पूर्ण आत गेलं, पण कड एक-दीड मिलिमीटर वर राहिली. इथे बहुतेक वेळा काडतुसाचा दोष नसतो. कड बसण्यासाठी चेंबरच्या तोंडाला सुमारे १.९ मिलिमीटर खोल खाच असते आणि तिथेच एक्स्ट्रॅक्टरची, म्हणजे काडतूस बाहेर ओढणाऱ्या भागाची, जागा असते. त्या खाचेत जांभ्याची तांबडी धूळ आणि तेल यांचा लगदा बसतो आणि वाळून दगडासारखा होतो. एक्स्ट्रॅक्टर बाहेर ओढा आणि त्याच्यामागे पाहा. साफ करायला माडाच्या झावळीचा हीर उत्तम. टोक तासून घेतलं की कोपऱ्यात शिरतो आणि पोलादाला चरा पाडत नाही. सुई, खिळा, पेचकस वापरू नका.

चेंबर साफ करणं

१२ बोअरचा साधा ब्रश नळीच्या मापाचा असतो, म्हणजे साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास. चेंबर त्याहून दोन मिलिमीटर मोठं. त्यामुळे वर्षानुवर्षं ‘साफ’ केलेल्या बंदुकीचं चेंबर मुळात कधी घासलंच गेलेलं नसतं. चेंबरसाठी वेगळा ब्रश मिळतो. तो नसेल तर १० बोअरचा फॉस्फर ब्राँझचा ब्रश चालतो.

चेंबरला गन सॉल्व्हंट लावून २० मिनिटं थांबा. मग ब्रश मागच्या बाजूने घालून, गोल फिरवत, दहा-पंधरा वेळा पुढे-मागे करा. फ्लॅनेलच्या चिंधीने पुसा. चिंधी काळी येते तोवर हेच पुन्हा. प्लास्टिक नळकांड्याची काडतुसं वापरत असाल तर चेंबरच्या पुढच्या टोकाला राखाडी पट्टे दिसतील, ते वितळून चिकटलेलं प्लास्टिक असतं. जुन्या ब्रशवर सर्वांत बारीक, म्हणजे चार शून्य नंबरची स्टील वूल गुंडाळून, तेलात भिजवून, हाताने फिरवली की ते निघतं. पॉलिश पेपर लावू नका, ड्रिलला जोडून फिरवू नका. चेंबर एका जागी खोल झालं की झाडलेलं काडतूस तिथे फुगून अडकतं आणि मग ते बाहेरच येत नाही.

साफ केल्यावर बोटाच्या टोकाने आत चाचपून पाहा. बारीक खळगे लागत असतील तर गंजाने पोलाद खाल्लंय. वेंगुर्ला, मालवण, गुहागर अशा खाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यात हे फार लवकर होतं. खळगे घरी जात नाहीत. परवानाधारक बंदूक कारागिराला दाखवा.

तेलाविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण कोकणात चेंबर चिकट होण्याचं मोठं कारण घरचं खोबरेल आहे. खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली थिजतं. माघातल्या पहाटे ते चेंबरमध्ये मेणासारखं असतं. शिवाय ते जुनं झालं की खवट आणि चिकट होतं, धूळ धरतं. रॉकेल मळ काढतं, पण मागे संरक्षण काहीच ठेवत नाही. दुसऱ्या दिवशी उघड्या पोलादावर तांबूस छटा दिसते. बंदुकीचं किंवा शिलाई मशीनचं पातळ खनिज तेल घ्या, चिंधीवर चार थेंब पुरतात. आणि बार काढण्याआधी चेंबर कोरड्या चिंधीने पुसून घ्या. काडतुसाला तेल लावून ते ‘सरकतं’ करणं तर कधीच नको. तेल टोपीच्या फटीतून आत झिरपतं आणि बार फुसका जातो. शिवाय तेलकट काडतूस चेंबरच्या भिंतीला धरून राहत नाही, त्यामुळे बाराचा सगळा धक्का मागच्या सांध्यावर येतो.

सहज बसणारं काडतूसही चुकीचं असू शकतं

घट्ट काडतूस निदान तुम्हाला थांबवतं. ज्याची खरी भीती बाळगायला हवी ते अलगद बसतं.

काडतुसावर लिहिलेली लांबी, ६५, ७० किंवा ७६ मिलिमीटर, ही झाडल्यानंतर उघडलेल्या नळकांड्याची असते. भरलेलं ७० चं काडतूस घडी घातल्यामुळे ६० च्या आतबाहेर असतं, त्यामुळे ते ६५ च्या चेंबरमध्ये बिनतक्रार बसतं. झाडताना मात्र त्याची घडी उघडून चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात शिरते, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. आजोबांच्या काळातली इंग्रजी दुनळी घरात असेल तर ती अडीच इंची, म्हणजे ६५ ची असण्याची दाट शक्यता आहे. नळीच्या खालच्या सपाट भागावरचे छाप वाचा: ‘२½’ किंवा ‘६५’, ‘२¾’ किंवा ‘७०’. छाप पुसट असेल तर अरुंद स्टीलची पट्टी चेंबरच्या भिंतीला लावून पुढे सरकवा. जुन्या बंदुकांत चेंबर संपतं तिथे पट्टी पायरीला अडते. पायरी लागली नाही तर अंदाज करू नका, कारागिराकडच्या गेजने मोजून घ्या. नळीवर लाटांसारखी नक्षी दिसत असेल तर ती दमास्कस (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या गुंडाळून बनवलेली जुनी) नळी असू शकते, तिच्यात आजची काडतुसं घालू नका.

दुसरा धोका २० बोअरच्या काडतुसाचा. ते १२ पेक्षा बारीक असल्यामुळे १२ बोअरच्या चेंबरमधून सरकून पुढे जातं आणि नळीत जाऊन अडकतं. मागून पाहिलं तर चेंबर रिकामं. मग मागे १२ चं काडतूस घालून बार काढला की नळी फुटते, तीही नेमकी पुढचा हात असतो तिथे. २० बोअरचं नळकांडं म्हणूनच पिवळं करण्याची पद्धत आहे. घरात दोन्ही बोअर असतील तर काडतुसं वेगळ्या डब्यांत, वेगळ्या कपाटात ठेवा.

तिसरा धोका ओल लागलेल्या दारूचा. बार नेहमीपेक्षा बारीक वाजला, धक्का कमी लागला, तर लगेच दुसरा बार काढू नका. नळी जमिनीकडे ठेवून बंदूक उघडा, रिकामी करा, आरपार पाहा. डाट (दारू आणि छऱ्यांमधलं बूच) नळीत अडकलेला असू शकतो. चाप ओढूनही बार झालाच नाही, तर नळी सुरक्षित दिशेला ठेवून निदान ३० सेकंद थांबा. उशिरा पेटणारी टोपी असते. आम्ही तर पूर्ण एक मिनिट थांबा असंच सांगू.

रायफलवाल्यांसाठी

रायफलची नळी अशी सुटी होत नाही, म्हणून तपासणी फायरिंग पिन काढलेल्या बोल्टने (काडतूस आत ढकलणाऱ्या मागच्या सरकत्या दांड्याने) करायची. ते जमत नसेल तर कारागिराकडे जा. भरलेलं काडतूस घालून घरात बोल्ट मागे-पुढे करत बसू नका.

.३१५ चं काडतूस कडेचं आहे. मुळात ते ८×५०आर मानलिकर. चेंबरमध्ये ते कडेवर टेकतं, त्यामुळे खांद्याच्या (काडतूस मानेकडे निमुळतं होतं त्या भागाच्या) मापाचा दोष सहसा अडवत नाही. अडवते ती मॅगझिनमधली मांडणी. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे राहिली तर ती एकमेकांत अडकतात आणि बोल्ट पुढे जात नाही. भरताना प्रत्येक वरची कड खालचीच्या पुढे ठेवा.

.३०-०६ खांद्यावर टेकतं, तिथे हिशोब वेगळा. बोल्ट पुढे जातानाच अडला तर गोळी फार बाहेर आहे आणि नळीच्या आट्यांना (आतल्या पीळदार खाचांना) लागतेय. गोळीला मार्कर लावा, आटे लागत असतील तर समान अंतरावर चार-सहा छोटे ओरखडे उमटतात. बोल्ट पुढे गेला, पण मूठ खाली करताना जड झाला, तर खांदा पुढे आहे किंवा मान लांब आहे.

काडतुसं पुन्हा भरण्याविषयी आधी कायदा: अधिनियमातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत सुटे भाग आणि बनवण्याची यंत्रंही येतात, त्यामुळे योग्य परवान्याशिवाय डाय (केस मापात दाबणारा साचा) आणि प्रेस घरात आणणं हाच गुन्हा ठरू शकतो. ज्यांना हे रीतसर करता येतं, त्यांना घट्ट काडतुसाचं मूळ बहुतेक वेळा डायच्या बसवणीत सापडेल. डाय शेलहोल्डरला (केसचं बूड धरणाऱ्या पकडीला) पुरती टेकली नाही तर ती पितळी केसचं अंग दाबते, पण खांद्यापर्यंत पोचत नाही. दाबलेलं पितळ पुढे सरकतं आणि खांदा आधीपेक्षाही वर येतो. म्हणजे साइझ केलेली (डायने मापात दाबलेली) केस न केलेलीपेक्षा घट्ट बसते. डाय थोडी थोडी खाली घेत खांदा झाडलेल्या केसच्या मापापेक्षा साधारण ०.०५ मिलिमीटर मागे आला की थांबा. फार मागे नेला तर केस दोन-चार बारांतच बुडाजवळ फाटते. मग केसची लांबी: .३०-०६ ची कमाल ६३.३५ मिलिमीटर, कापायची ६३.१० ला. लांब मान चेंबरच्या टोकाला दाबली जाऊन गोळीला आवळते आणि दाब धोकादायक वाढतो. पूर्ण काडतुसाची कमाल लांबी ८४.८४. क्रिंप (केसचं तोंड गोळीवर आवळणं) जास्त झाला तरी खांदा किंचित फुगतो, डोळ्यांना दिसत नाही, पण बोल्टला कळतो.

शोधायची रीत एकच: टोपी नाही, दारू नाही, अशा केसवर एकेक पायरी करत जा. साइझ केली, बोल्ट लावून पाहा. गोळी बसवली, पुन्हा पाहा. क्रिंप केला, पुन्हा पाहा. ज्या पायरीनंतर बोल्ट जड झाला ती दोषी.

साठवण, आणि बाद काडतुसांचं काय

फुगलेलं कागदी काडतूस वाळवून पुन्हा मापात येत नाही. चुलीवरच्या माळ्यावर, उन्हात, इस्त्रीखाली, कुठेही नाही. उष्णतेने मेण उतरतं, नळकांडं वाकडं आक्रसतं आणि आतली दारू बिघडते. चिंच-आमसुलाने घासू नका, पितळेच्या पॉलिशनेही नाही. अशा काही पॉलिशांत अमोनिया असतो, आणि अमोनिया ताणाखालच्या पितळेला आतून चिरा पाडतो. हे ज्ञान आपल्याच पावसाने दिलेलं आहे. ब्रिटिश लष्कर पावसाळ्यात दारूगोळा घोड्यांच्या पागेत ठेवायचं, आणि पितळी काडतुसं चिरलेली निघायची. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ साली त्याचं कारण मांडलं: घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळेत राहिलेला ताण. गोठ्याला लागून असलेल्या खोलीत काडतुसं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

मृग लागायच्या आधी, मेच्या कोरड्या दुपारी, काडतुसं रबरी कडेच्या हवाबंद डब्यात भरा. पाच लिटरच्या डब्याला ५० ते १०० ग्रॅम सिलिका जेल पुरतं. निळं जेल गुलाबी झालं की वेगळं काढून ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवा, थंड झाल्यावर परत ठेवा. मीठ ठेवू नका, ते ओल धरतं आणि धातू खातं. डब्यावर खरेदीचा महिना लिहा आणि जुनं आधी वापरा. डबा कुलुपात, जांभ्याच्या भिंतीपासून वीतभर लांब. बंदूकही रेक्झिनच्या खोळीत घालून ठेवू नका, आत घाम धरतो. पावसाळ्यात दर आठ दिवसांनी तेलाची चिंधी फिरवा. निवडणुकीच्या आचारसंहितेत जमा केलेली बंदूक पोलीस ठाण्यातून परत आली की पहिला बार काढण्याआधी वरची सुटी-नळी चाचणी पुन्हा करा.

बाद ठरलेली काडतुसं विहिरीत, खाडीत किंवा आगीत टाकू नका, उघडून दारू काढू नका. वेगळ्या डब्यात ‘बाद’ अशी चिठ्ठी लावून परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात न्या. पोचपावती घ्या आणि परवान्यावरच्या नोंदीशी आकडा जुळवून ठेवा.